शाळेतला पोषण आहार घराच्या कामी कसा येतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून गावी परत आलेल्या एका आईने मुलाला जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत घातलं आहे, धाकटी अंगणवाडीत जाते. शाळेत दुपारचं जेवण मिळतं. सासूबाईंना ते गोरगरिबांच्या पोरांचं वाटतं, म्हणून त्या घरचा डबा द्यायचा आग्रह धरतात. शेजारीण सांगते की त्या तांदळात प्लास्टिक असतं. आईचं विचारणं असं की या जेवणातून मुलाला खरंच काही मिळतं का, घराला त्याचा काय उपयोग, आणि काही बिघडलं तर बोलायचं कोणाशी.

ताई, मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांवर मी आधी शिक्षिका, मग मुख्याध्यापिका आणि शेवटी केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी, होते. तांदळाची पोती उतरवून घेणं, साठा नोंदवही लिहिणं, आमटी चाखणं, गॅसची टाकी संपली म्हणून ऐनवेळी धावपळ करणं, हे सगळं केलं आहे. त्यामुळे योजनेचं कौतुक आणि तिच्यावरचा वैताग, दोन्ही तुम्हाला या उत्तरात सापडेल.

सासूबाईंपासून सुरू करते. हे जेवण दान नाही आणि दारिद्र्यरेषेचं कार्ड बघून दिलं जात नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला शाळेच्या दिवशी एक मोफत जेवण मिळण्याचा हक्क दिला आहे. सरपंचाचा नातू असो की सालगड्याची मुलगी, पंगत एक. तुमच्या मुलाने डबा आणला म्हणून त्याच्या वाटचा तांदूळ दुसऱ्या कोणाच्या ताटात पडतो असंही नाही, कारण त्या दिवशी जेवलेल्या मुलांच्या नोंदीवरच खर्च पडतो. उलट, बरी परिस्थिती असलेल्या घरची मुलं पंगतीतून उठली की जेवणाची प्रत घसरते, हे मी एकापेक्षा जास्त शाळांत पाहिलं. जाब विचारू शकणारे पालक कमी झाले की आमटीत पाणी वाढतं.

आता घराच्या उपयोगाचा मुद्दा. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लोक याकडे नेमकं उलट्या बाजूने बघतात.

ही योजना देशभर १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा बहुतेक राज्यांत, आपल्याकडेही, शाळेत काही शिजत नव्हतं. महिन्याला ८० टक्के हजेरी भरली की मुलाला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा. तुम्ही त्या काळात शाळेत असाल तर आठवत असेल, महिनाअखेरीला पिशव्या घेऊन ओळ लागायची. वरवर पाहता घराला मदत करण्याचा हा सगळ्यात सरळ मार्ग. पण घरी गेलेला तांदूळ घरच्या डब्यात पडतो आणि घरातल्या सगळ्यांचा होतो. पाच माणसांच्या घरात त्या तीन किलोंपैकी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वाट्याला किती येणार? काही घरांत तो दुकानात जाऊन त्याचा चहा-साखर यायचा. त्यात दोष कोणाचा नाही, गरजा तशा असतात.

मग २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात अंतरिम आदेश दिला: कोरडं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या, रोज किमान ३०० कॅलरी आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. पुढच्या काही वर्षांत गावोगावच्या शाळांत चुली पेटल्या. शिजलेला भात घरी जात नाही, मुलाच्याच पोटात जातो. वरकरणी घराचं नुकसानच. पण माझा अनुभव असा की कोरड्या तांदळापेक्षा शिजलेल्या भाताने घराला जास्त दिलं. कसं ते सांगते.

आमच्या भागात कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत बाई सकाळी सातच्या आत घराबाहेर पडते. टमटम निघून गेली तर रोज, म्हणजे त्या दिवसाची मजुरी, बुडतो. त्या आधी पाणी, झाडलोट, जनावर, सगळ्यांच्या भाकरी. शाळेत जेवण नव्हतं तेव्हा दुपारी पोरांना वाढायला कोणीतरी घरी राहायचं, आणि ते ‘कोणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा तिसरी-चौथीतली थोरली मुलगी. तिची शाळा तिथेच सुटायची. दुपारच्या जेवणाची खात्री झाली आणि आईला पूर्ण दिवसाचा रोज घेता आला, मुलगी वर्गात बसली. हिशेबाच्या कागदावर हे कुठेच दिसत नाही. योजनेच्या अहवालात ‘लाभार्थी विद्यार्थी’ असा रकाना असतो, ‘मोकळी झालेली आई’ असा नसतो.

दुसरी गोष्ट मुलीच्या ताटाची. घरात वाढताना कोणाला आधी, कोणाला उरलंसुरलं, हे तुम्हाला मी सांगायला नको. शाळेत पळी एकच असते. आणि लहानग्यांना वाढायची शिस्त सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालते.

घरी गृहीत धरलं जाण्याची भीतीही लोक बोलून दाखवतात: शाळेत जेवतोच आहे, मग रात्री कमी वाढू. मध्य प्रदेशात फरजाना आफ्रिदी या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी याचा अभ्यास केला होता. त्यात दिसलं की ज्या दिवशी मुलं शाळेत जेवली त्या दिवशी त्यांचं एकूण खाणं खरोखर वाढलं, घरच्यांनी त्यांच्या वाट्याचं काढून घेतलं नाही. आंध्रातल्या एका अभ्यासात असं आढळलं की दुष्काळाने मुलांच्या वाढीला बसलेला फटका शाळेतल्या जेवणाने भरून निघाला. दुष्काळ जाहीर झालेल्या भागात उन्हाळी सुटीतही जेवण द्यावं, असा न्यायालयाचा २००४ चा आदेश आहे तो यामुळेच फार मोलाचा. अर्थात मे महिन्यातल्या उन्हात शाळा बंद असताना फक्त जेवायला मुलं किती येतात, हा वेगळा विषय. वस्त्यांवरची मुलं तर येतच नाहीत.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला निष्कर्ष २०२१ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात छापून आला. ज्या मुलींना शाळेत असताना हे जेवण मिळालं, त्या पुढे आई झाल्यावर त्यांच्या मुलांची उंची वयाच्या मानाने चांगली भरली, खुरटलेपण कमी आढळलं. म्हणजे दुसरीतल्या मुलीच्या ताटात पडलेली आमटी वीस वर्षांनी तिच्या बाळाच्या कामी येते. कारणंही समजण्यासारखी आहेत: मुलगी शाळेत जास्त टिकली, लग्न उशिरा झालं, पहिलं बाळंतपण उशिरा आलं, दवाखान्यात झालं.

कोरोनाच्या काळात ही सगळी गोष्ट उलट्या क्रमाने पुन्हा पाहायला मिळाली. शाळा बंद, म्हणून तांदूळ आणि डाळ-कडधान्य पालकांना वाटलं. त्या दिवसांत ते हवंच होतं, रोजगार बंद पडलेल्या घरांत त्याने चूल पेटली. पण मुलाचं जेवण पुन्हा घराच्या डब्यात मिसळलं. पुढे उन्हाळी सुटीतल्या जेवणाचा शिजवण्याचा खर्च पैशात द्यायचं ठरलं आणि जेमतेम दीडशे-अडीचशे रुपयांसाठी मुलांची बँक खाती काढायला सांगितलं गेलं. खात्यात ठेवायची रक्कम मिळणाऱ्या रकमेपेक्षा मोठी. पालक आमच्याकडे बघून हसायचे, आणि आम्हालाही हसू यायचं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं सांगितल्याशिवाय बीड-धाराशिवकडच्या माणसाचं उत्तर पुरं होत नाही. दिवाळीच्या आसपास आई-बाप कारखान्यावर जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मूल बरोबर गेलं की शाळा गेली. म्हणून गावातच हंगामी वसतिगृह चालवतात: मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं, सकाळ-संध्याकाळचं खाणं वसतिगृहाच्या खर्चातून, दुपारचं पोषण आहारातून. कागदावर दोन योजना, मुलाच्या लेखी एकच स्वयंपाकघर. आजीला गुडघ्यांनी चुलीपुढे बसवत नसतं, तेव्हा नातवंडं गावात राहू शकतात ती या जेवणावर. ज्या वर्षी वसतिगृह मंजूर व्हायला उशीर होतो त्या वर्षी दुपारच्या जेवणावरच सगळा भार येतो, आणि पटावरची नावं गळायला लागतात.

आता मुलाला नेमकं काय मिळतं ते.

पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे. यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. त्यातून ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १७०० कॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे कॅलरींचा पाव हिस्सा आणि प्रथिनांचा निम्मा हिस्सा शाळेत भागतो, जर प्रमाणात शिजलं तर.

हे ‘जर’ कुठे अडतं ते बघा. बारा ग्रॅम प्रथिनांतली सात-साडेसात तांदळातूनच येतात, उरलेली डाळीतून. तांदूळ कमी पडला तर लगेच कळतं, मुलं उपाशी राहतात, बोंब होते. डाळ कमी पडली तर कोणालाच कळत नाही. आमटी पातळ झाली, हळद जरा जास्त टाकली, रंग तोच. पोट भरतं, पण भातानेच. म्हणून तुम्ही शाळेत गेलात तर भात बघू नका, आमटीत पळी घालून तळ ढवळून बघा. साठ मुलांच्या शाळेत त्या दिवशी सहा किलो तांदूळ, सव्वा किलोच्या जवळपास डाळ, तीन किलो भाजी आणि तीनशे ग्रॅम तेल पडायला हवं. हा हिशेब कोणतीही गृहिणी डोळ्यांनी करू शकते. त्यासाठी तपासणी पथक लागत नाही.

भाजीची गोष्ट अवघड आहे. तांदूळ केंद्राकडून फुकट येतो. बाकी शिजवण्याच्या खर्चाचा दर मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १० रुपये १७ पैसे असा आहे. यात डाळ, कडधान्य, तेल, मीठ-मसाला, भाजी, गॅस सगळं. ग्रामीण भागात धान्यादी माल ठेकेदार पुरवतो आणि दरातला मोठा हिस्सा तिकडे वळतो. शाळेच्या हातात इंधन-भाजीपाल्यापुरते पैसे उरतात, तेही मागाहून. जूनमध्ये पाऊस लांबला, बाजारात टोमॅटो कडाडला, की मुख्याध्यापक काय करतो? दुधी, कोबी, बटाटा. परसबाग जिथे नीट चालते तिथे पालक, मेथी, शेवगा मिळतो, पण परसबागेला पाणी लागतं आणि आमच्याकडे फेब्रुवारीनंतर प्यायला पाणी नसतं. शेवग्याचं झाड तेवढं तग धरतं. शाळेच्या आवारात दोन शेवगे लावा असं मी प्रत्येक शाळेला सांगायचे, आणि अजून सांगेन.

अंड्यांबद्दल मनात राग आहे, तो लपवत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्या मुलाला केळं. अंड्याच्या दिवशी वर्ग भरलेला असायचा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, आणि ती पातळ करता येत नाहीत. उकडलेलं अंडं एकतर मुलाच्या हातात असतं किंवा नसतं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबवला आणि लोकसहभागातून द्या असं सांगितलं. लोकसहभाग म्हणजे काय, तर मास्तरांनी गावात पावती पुस्तक घेऊन फिरायचं. तिकडे तमिळनाडूत शाळेच्या प्रत्येक दिवशी अंडं मिळतं, सीमेपलीकडच्या कर्नाटकात एका खासगी प्रतिष्ठानच्या मदतीने २०२४ पासून आठवड्याचे सहाही दिवस. तुमच्या घरी कोंबड्या असतील आणि मुलगा खात असेल, तर रविवारी-बुधवारी सकाळी घरीच एक उकडून द्या, शाळेची वाट बघू नका.

शेजारणीच्या प्लास्टिकचं. तिला पाण्यावर तरंगणारे, जरा पिवळसर, एकसारख्या आकाराचे दाणे दिसले असणार. ते पोषणमूल्य वाढवलेल्या तांदळाचे दाणे. तांदळाच्या पिठात लोह, फोलिक ॲसिड आणि ‘बी-१२’ मिसळून यंत्रातून पुन्हा दाण्याच्या आकाराचे पाडतात आणि शंभर किलो साध्या तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळतात. पिठाचे असल्यामुळे ते तरंगतात. आमच्याकडेही एका गावात पोतं परत न्या म्हणून लोक जमले होते. तेव्हा मूठभर ते दाणे वेगळे काढून सगळ्यांसमोर शिजवले. मऊ झाले, चिमटीत चुरगळले, विषय मिटला. स्वयंपाकीण ताईंना मात्र सांगा की निवडताना ते दाणे फेकू नका आणि तांदूळ पाच-सहा पाण्यांनी धुऊ नका. तांदळात सोंडे, जाळी, कुबट वास असेल तर गोष्ट निराळी. ते पोतं वापरायचंच नाही, आणि तो अधिकार मुख्याध्यापकाला आहे.

डबा द्यावा का? माझं मत: भाजी-पोळीचा पूर्ण डबा देऊ नका, मूल दोन्ही अर्धं खातं आणि पंगतीतून उठतं. हवं तर एक ज्वारीची भाकरी द्या, ती आमटीत कुस्करून मुलं आवडीने खातात. बरोबर लिंबाची फोड दिलीत तर उत्तम, डाळ-भातातलं लोह अंगी लागायला त्याने मदत होते. आणि शाळेतून आल्या आल्या चहा देऊ नका. सकाळी मात्र काहीतरी खाऊनच पाठवा. परिपाठाला उभं राहिल्यावर चक्कर येणारी मुलं दरवर्षी दिसतात. त्यांना आजार काही नसतो, आदल्या रात्रीनंतर पोटात काही गेलेलं नसतं. तमिळनाडूने २०२२ पासून शाळेत सकाळचा नाश्ताही सुरू केला तो हे ओळखूनच. आपल्याकडे ती सोय होईपर्यंत शिळी भाकरी-दूध पुरे.

मधल्या काळात पाककृतीही बदलल्या आहेत. एकट्या खिचडीवर वर्ष काढायचे दिवस गेले. जून २०२४ पासून भात, डाळीची किंवा कडधान्याची आमटी, मोड आलेलं कडधान्य, गोड म्हणून खीर किंवा नाचणी सत्त्व असा तीन भागांचा आहार आखून दिला होता. पुढे २०२५ च्या सुरुवातीला यादीत काटछाट झाली. चवळी, मटकी, हरभरा, वाटाणा आलटून पालटून यावेत. मोड आणायला आदल्या दुपारी भिजवावं लागतं, रात्री बांधावं लागतं. हे कोण करतं?

तर स्वयंपाकीण. गावातल्याच बाया, बचत गटातल्या किंवा एकल, कित्येकींची स्वतःची मुलं त्याच पंगतीत. नेमणुकीचं प्रमाण असं: २५ मुलांपर्यंत एक, शंभरपर्यंत दोन, पुढे दर शंभरामागे एक. केंद्राचं मानधन २००९ पासून महिना एक हजारावरच अडकलं आहे. राज्याची भर धरून आपल्याकडे अडीच हजार, आणि वर्षातले दहाच महिने. दिवसाचे शंभर रुपये सुद्धा नाहीत. सकाळी नऊपासून भांडी घासून होईपर्यंत दोन-अडीच वाजतात. तेवढ्या वेळात शेतात गेली तर तिप्पट मिळतील. तरी ती येते, कारण शाळा चालू असेतो काम नक्की आहे, सावलीत आहे, आणि शाळेत तिला ‘मावशी’ म्हणून मान आहे. घराच्या उपयोगाचं विचारत होतात ना, या घरांचाही त्यात हिशेब धरा. मानधन दोन-तीन महिने रखडलं की किराणा दुकानातली तिची उधारी वाढते, आणि दुकानदार शाळेच्या बायकांना सहसा नाही म्हणत नाही.

या बायकांच्या जातीवरून काही गावांत कुरबुर होते. दलित आणि आदिवासी बायांना या कामात प्राधान्य द्या, असा न्यायालयाचा आदेश २००४ पासून आहे. कोणी ‘आमचं पोर तिथे जेवणार नाही’ म्हणालं की मी एवढंच करायचे: ज्या दिवशी ती बाई शिजवते त्या दिवशी मुख्याध्यापक आणि सगळे शिक्षक मुलांबरोबर खाली पंगतीत बसायचे, महिनाभर. भाषण कोणी द्यायचं नाही. मुलांची अडचण आठवडाभरात संपते, मोठ्यांची राहते.

धाकटीचं: अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार मिळतो, तो महिला व बालविकास खात्याचा, शाळेच्या योजनेपासून वेगळा. त्याचं प्रमाण ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. तिच्या वजन-उंचीची नोंद ताईंकडे असते, दर महिन्याला ती विचारा. शाळेत मुलाचीही आरोग्य तपासणी, जंताची गोळी, लोहाची गोळी असते. जंताची गोळी चुकवू नका. जंत असलेल्या मुलाला कितीही खाऊ घाला, अंगाला लागत नाही.

काही बिघडलं तर कुठे जायचं, हे शेवटचं.

आधी रोजचं. जेवण वाढण्याआधी एका शिक्षकाने चाखून चव नोंदवहीत लिहायचं असतं, आणि अन्नाचा नमुना झाकून बाजूला ठेवायचा असतो. बिहारमध्ये छपऱ्याजवळ गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ ला कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजलेलं जेवून २३ मुलं दगावली. तेव्हापासून चाखण्याकडे सगळे गंभीरपणे बघायला लागले. तरी नोंदवहीत पुढच्या आठवड्याचे ‘चव चांगली’ आधीच लिहिलेले मी पाहिलेत. त्यामुळे नोंदवही बघताना आजची तारीख आणि उद्याचीही तारीख बघा. तेल, डाळ-मसाला आणि फवारणीची औषधं किंवा फिनेल एकाच खोलीत दिसलं, तर त्याच क्षणी मुख्याध्यापकांना बोलवा. या एका बाबतीत भिडभाड ठेवू नका.

जेवण शिजलंच नाही तर? तांदूळ संपला, गॅस संपला, स्वयंपाकीण आजारी, अशी कारणं असतात. २०१५ च्या नियमांप्रमाणे अशा दिवसाचा अन्नसुरक्षा भत्ता मुलाला धान्याच्या आणि पैशाच्या रूपात मिळायला हवा. सलग तीन दिवस किंवा महिन्यात पाच दिवस जेवण नसेल तर जबाबदारी निश्चित करून कारवाई करायची तरतूद आहे. पालक हा भत्ता मागत नाहीत कारण तो असतो हेच त्यांना ठाऊक नसतं. तक्रारीचा क्रम मुख्याध्यापक, मग पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी आणि तिथलेच शालेय पोषण आहार अधीक्षक, मग जिल्हा परिषदेत प्राथमिक शिक्षणाधिकारी. लेखी द्या, पोच घ्या. नुसता मोबाइलवर फोटो फिरवलात तर शिक्षा बहुतेक वेळा स्वयंपाकिणीला होते, ठेकेदाराला नाही. कुबट तांदूळ तिने आणलेला नसतो.

आणि तक्रारीच्या आधीची पायरी म्हणजे शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असावे लागतात, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. बऱ्याच ठिकाणी बाईचं नाव असतं आणि सभेला तिचा नवरा येऊन सही करतो. तुम्ही स्वतः जा. पहिल्याच सभेत दोन गोष्टी मागा: मागच्या महिन्याची साठा नोंदवही, आणि आयांची पाळी. पाळी म्हणजे रोज एका आईने साडेबाराच्या सुमारास यायचं, आमटीचा तळ ढवळायचा, मुलांआधी दोन घास खायचे, वहीत आपल्या हाताने दोन ओळी लिहायच्या. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घेऊन अंगठा. पंचवीस आयांची शाळा असेल तर महिन्यातून एकदा प्रत्येकीवर येतं. सुरुवातीला मास्तरांना ते पाळत ठेवल्यासारखं वाटेल. दोन महिन्यांनी तेच तुम्हाला सांगतील की ताई, ठेकेदाराने आणलेला वाटाणा बघा, परत पाठवायला तुमची सही हवी आहे.

सासूबाईंनाही एका पाळीला न्या. आमटीला फोडणी कशी हवी यावर त्यांचं आणि मावशींचं भांडण होईल, ते होऊ द्या.

एक गोष्ट आत्ताच लक्षात असू द्या: हे जेवण आठवीपर्यंतच आहे. नववीला मुलगा तालुक्याच्या हायस्कूलला जायला लागेल, एसटीने सकाळी निघेल, संध्याकाळी येईल, आणि वाढीच्या ऐन वर्षांत दुपारचं ताट नसेल. तेव्हा मात्र डबा भरून द्यायचा, आणि धाकटीची वेळ येईल तेव्हा तिचाही तितकाच भरायचा.